नसीम, तुझा फोटो करायला घेतला

आपा, दुकान परवा उघडलं. शटर नेहमीच्या ठिकाणी अडकलं तसं मी सवयीने बाजूला सरकले, कारण तिथून वरचा धक्का तू द्यायचीस. शेजारचा झेरॉक्सवाला आला, त्याने शटर वर केलं आणि काही न बोलता परत गेला. बरं केलं त्याने. बोलला असता तर मी दुकान तसंच बंद करून बसस्टँड गाठला असता.

पेपरात चार ओळी द्याव्यात असं कुणीतरी सुचवलं होतं. मिरजेच्या, जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या, पश्चात पती आणि मुलगी. मी नको म्हटलं. त्या चार ओळींत तू कुठेच मावली नसतीस. म्हणून तुझ्याशीच बोलते. तसंही आपण दिवसभर तेच करायचो. बोलायचो, भांडायचो आणि मधेमधे काम करायचो.

सारखी आठवते ती हळद. मी तुझ्याकडे नवीनच आले होते. डीटीपीचा कोर्स केलेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज. जतकडच्या एका बाईने स्वतःच्या लग्नाचा जुना फोटो आणला होता. त्या काळचे रंगीत फोटो तांबडे पडतात, तसाच तोही पडलेला. मी स्कॅन केला, रंग आपोआप सुधारण्याचं बटण दाबलं आणि एका क्षणात सगळं लख्ख झालं. मांडव पांढरा, झाडं हिरवी, नवरी गोरीपान. मी मोठ्या अभिमानाने तुला हाक मारली. तू चहाचा कप घेऊन आलीस, वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "अगं बाई, पोरीची हळद धुतलीस की!"

खरंच धुतली होती. तिच्या अंगावरचा पिवळा रंग म्हणजे फोटोवर चढलेला डाग असं मशीनला वाटलं आणि त्याने तो काढून टाकला. तू मला उठवून माझ्या खुर्चीत बसलीस आणि ती हळद परत लावू लागलीस. कपाळाला जास्त, गळ्याला कमी, हातांना थोडी. "कानामागं बघ," म्हणालीस. "तिथली हळद निघत न्हाई लवकर." मग त्या बाईला फोन लावून विचारलंस, हळद दाट होती का पातळ. मग तिला हळद लावणाऱ्या मावशीबद्दल ती इतकं बोलली की तुझा चहा गार झाला. फोन ठेवून तू पुन्हा कामाला लागलीस आणि हाताच्या पंजावर हळद जराशी वाढवलीस.

तुझ्या अब्बांनी काळे-पांढरे फोटो हाताने रंगवून घर चालवलं. कापसाचा बोळा कुठे टेकवायचा आणि कुठे नुसता फिरवायचा, हे तू त्यांच्या शेजारी बसून शिकलीस. कॉम्प्युटरवर आल्यावरही तुझी बसण्याची पद्धत तीच राहिली, पाठीचा कणा वाकवून, नाक पडद्याला लावून. "आपा, मोठं करून बघ ना, बटण आहे त्याला," मी म्हणायचे. तू ऐकलं नाहीस.

आणि तू फार छळायचीस गं. एका फोटोत भिंतीचा तुकडा फाटला होता. तिथे मी बाजूचे दगड उचलून बसवले, दिवसभर बसवले. संध्याकाळी तू बघितलंस आणि एका दगडावर बोट ठेवलंस. मग दुसऱ्यावर. "ह्यो दगड दोनदा आलाय." त्या भिंतीकडे कोण बघणार होतं? त्यांना त्यांच्या आजोबांशी मतलब. पण तू मला ती पुन्हा करायला लावलीस. घरी जाताना मी तुला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. आज सांगून टाकते.

मात्र आपलं खरं भांडण हौसाबाईंच्या फोटोवरून झालं, आणि ते काही मिटलं नाही.

हौसाबाई माझ्या माहेरकडच्या. शिरवळवरून खंडाळ्याकडे जाताना आत त्यांचं गाव. नवरा फौजेत होता. लग्नाच्या सुट्टीवर आला, परत जाण्याआधी बायकोला घेऊन साताऱ्याला गेला आणि स्टुडिओत दोघांनी एक फोटो काढला. तो गेला तो सीमेवरून परत आला नाही. मुलगा मारुती नंतर जन्मला. त्याने बापाला फक्त त्या फोटोत पाहिलं होतं. वर्षानुवर्षं ती फ्रेम भिंतीवर होती. भिंतीला ओल आली, फोटो काचेला चिकटला, आणि मारुतीने साफ करायला म्हणून काच ओढली तर बापाचा चेहरा काचेबरोबर निघून आला. राहिली हनुवटी, एक कान आणि टोपीची कड. बाईचा चेहरा मात्र शाबूत.

माझ्या आईने त्याला आपल्याकडे पाठवलं. आता साठीकडे झुकलेला, शिरवळच्या कंपनीतून नुकताच रिटायर झालेला माणूस, दुकानात ती फ्रेम लेकरू धरावं तशी धरून उभा होता. तू पहिल्यांदा विचारलंस, "काच कुठाय? चेहरा काचंवर असंल की." त्याने मान खाली घातली. "फुटली हुती. उकिरड्यावर टाकली."

मी तो चेहरा बनवला. मारुतीचा ऐन तारुण्यातला फोटो, ती हनुवटी, तो कान असं सगळं सॉफ्टवेअरला दिलं, आणि त्याने एक तरणाबांड फौजी समोर आणून ठेवला. मी नाक थोडं बदललं, भुवया जाड केल्या. चांगला झाला होता आपा. तूही ते नाकारलं नाहीस. तू एवढंच म्हणालीस, "ह्यो त्यांचा मुलगा हाय. नवरा न्हाई."

"पण असेच दिसत असतील की साधारण."

"साधारण म्हंजे? जे हाय त्याला रंग लाव, चीर भर, डाग काढ. जे न्हाईच ते कुठनं आणायचं?"

"मग त्यांनी भिंतीवर बिनचेहऱ्याचा नवरा लावायचा का?"

"न्हाईतर काय परका लावायचा?"

त्या दिवशी आपण डबे वेगवेगळे खाल्ले. तू तुझी वेगळी प्रत केलीस. त्याच्या छातीवरची बटणं, खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला हात, तिच्या पायातली जोडवी, सगळं तू असं उजळलंस की मी चोरून चोरून बघत होते. लुगड्याचा रंग तू फोनवर विचारलास. हौसाबाई म्हणाल्या, डाळिंबी. तू विचारलंस, कितपत पिकलेलं डाळिंब? आणि जिथे चेहरा होता तिथे तू फक्त एक मऊ राखाडी जागा ठेवलीस. फाटल्यासारखी दिसत नव्हती ती. धुकं उतरल्यासारखी दिसत होती.

दोन्ही प्रती घेऊन आपण एसटीने गेलो. पोस्टाने पाठवू म्हटलं तर तू ऐकलं नाहीस. हौसाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मारुतीने आधी माझी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ आणली, पदराने डोळे पुसून परत बघितली. आपण सगळे उभेच. बोट नाकावर ठेवून त्या म्हणाल्या, "हितं जरासं..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "न्हाई, न्हाई. असंच हुतं. व्हय. हेच की."

मारुती खाली बसला आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. तेवढा मोठा माणूस. मी तुझ्याकडे बघितलं. तू अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होतीस.

निघताना तू तुझी प्रत पिशवीत घालायला लागलीस तर हौसाबाईंनी हात धरला. "ती बी ऱ्हाऊ दे."

"कशाला आवं? त्यात त्यांचा चेहरा न्हाई."

"त्यात माझं लुगडं बरुबर हाय पोरी."

परतीची गाडी साताऱ्याच्या स्टँडवर थांबली तेव्हा खाली उतरून लेकीसाठी, रुबीनासाठी कंदी पेढे घेतलेस, परत येऊन बसलीस आणि खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "वैशाली, तिला चेहरा जरा जरा आठवत हुता. ते नाकाचं बघितलंस न्हवं? आता त्येबी गेलं. आता तू केलेलाच ऱ्हाणार."

मी म्हटलं, "आपा, तो आधीच गेला होता. म्हणून तर मुलाला एवढ्या लांब पाठवलं त्यांनी."

"गेला नव्हता. जात हुता."

कराडच्या पुढे तू माझ्या खांद्यावर झोपलीस. नंतर कित्येक दिवस कुठलाही फोटो समोर आला की आपण त्याच गोष्टीपाशी यायचो आणि तिला वळसा घालून पुढे जायचो. मला वाटायचं, एक दिवस नीट बसून बोलू. घाई काय होती?

मग ती दुपार. तू स्कॅनरची काच पुसत होतीस. फडकं हातातून पडलं, ते उचलायला वाकलीस आणि वाकलेलीच राहिलीस. रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे, पण त्यांना समजतंय सगळं. हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट भीती वाटली. तुला सगळं समजतंय आणि बोलता येत नाही, याहून वाईट काय असेल?

दुसऱ्या दिवशी तू डाव्या हाताने माझा हात ओढलास आणि तळव्यावर बोटाने काहीतरी काढू लागलीस. एक रेघ, मग वळण, मग परत रेघ. मी म्हटलं, पाणी? तू डोळे हलवलेस, नाही. रुबीना? नाही. दुकान? नाही. तू पुन्हा काढलंस. मी पुन्हा चुकले. तुझ्या नवऱ्याने, इक्बालभाईंनी हात पुढे केला, त्यांच्या तळव्यावरही तू तेच काढलंस, त्यांनाही कळलं नाही. शेवटी तू डोळे मिटून घेतलेस. चिडून मिटलेस की दमून, तेही कळलं नाही आपा. अजून मी चहा गाळताना, बसमध्ये उभी असताना डाव्या तळव्यावर ती रेघ काढून बघते. काही लागत नाही.

मय्यत निघाली तेव्हा मी बायकांमध्ये उभी होते. पुरुष तुला खांद्यावर घेऊन गल्लीच्या वळणावर गेले आणि रुबीनाने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं उमटली. तुझी लेक आता शाळेत शिकवते, पोरांना दटावते, पण त्या क्षणी ती इवलीशी झाली होती.

पुढच्या आठवड्यात तिने मला आत बोलावलं. "मावशी, अम्मीचा एक फोटो करून दे ना."

घरात शोधाशोध झाली. लग्नातला फोटो होता, त्यात चेहऱ्यावर सेहरा, तू नुसती फुलांची जाळी. आधारकार्ड होतं. "त्यात अम्मी चौकीत बसवल्यागत दिसते," रुबीना म्हणाली. बाकी सगळ्या फोटोंत तू हात आडवा केलेला, नाहीतर तोंड फिरवलेलं. जन्मभर लोकांचे चेहरे उजळणाऱ्या बाईने स्वतःचा एक धड फोटो काढू दिला नव्हता. इक्बालभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "भिंतीवर लावायचा न्हाई बरं का. आमच्यात लावत न्हाईत. पोरीच्या मोबाइलमध्ये असू दे."

मला माझ्या फोनमध्ये एक सापडला. सांगलीत पाणी शिरलं होतं त्या वर्षीचा. पूर ओसरल्यावर लोक चिखलाने माखलेले अल्बम घेऊन आपल्याकडे आले होते. तू कुणाला परत पाठवलं नाहीस. गच्चीवर स्वच्छ पाण्याच्या घमेल्यांत ते चिकटलेले फोटो भिजत घालायचे, सुटतील तसे हलक्या हाताने वेगळे करायचे आणि दोरीवर चिमटे लावून वाळवायचे. अख्खी गच्ची परक्यांच्या बारशा-लग्नांनी भरली होती. त्या दोऱ्यांचा फोटो एका गिऱ्हाइकाने काढून मला पाठवला होता. त्याच्या अगदी कडेला तू. कुणीतरी हाक मारली असावी, तू गर्रकन वळलीस, म्हणून चेहरा हललेला. तोंडात कपड्यांचा चिमटा. वर निळी ताडपत्री, त्यामुळे तू पूर्ण निळी.

मी तो तुझ्या मॉनिटरवर उघडला. तुझ्या खुर्चीत नाही बसले, माझी ओढून घेतली. आधी सॉफ्टवेअरला म्हटलं, चेहरा स्पष्ट कर. त्याने केला. एक गुळगुळीत गालांची बाई माझ्याकडे बघून हसत होती. तोंडातल्या चिमट्याचे त्याने दात केले होते, पांढरेशुभ्र, एका ओळीत. एवढे दात तुला कधीच नव्हते. मला जोरात हसू फुटलं आणि मी तुला दाखवायला मान वळवली.

मग बराच वेळ काही काम झालं नाही.

ती बाई मी पुसून टाकली. तू बरोबर होतीस म्हणून नव्हे, उगाच खूश होऊ नकोस. हौसाबाईंचा फोटो उद्या परत आला तर मी परत चेहरा बसवीन. त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. माझ्या हातात तू होतीस, हललेली का होईना. रुबीनाला फोन केला, "चेहरा जरा हललाय गं, चालेल का?" ती म्हणाली, "चालंल की. अम्मी एका जागी कवा उभी ऱ्हायली?"

म्हणून फक्त रंग करायला घेतला. दोरीवर एक पांढरा टॉवेल होता. तो पांढरा आहे असं धरून निळा हळूहळू उतरवत गेले. आधी कपाळ आलं, मग गाल, मग हनुवटीवरचा तीळ. तुझा रंग मला कुणाला विचारावा लागला नाही. इतकी वर्षं शेजारी बसले होते. पण ओढणी? निळा उतरला तशी ती हिरव्या-पिवळ्याच्या मधे कुठेतरी येऊन थांबली. मला आठवेना. तू गच्चीवर ती ओढणी कमरेला खोचून दिवसच्या दिवस वावरली होतीस आणि मला तिचा रंग आठवेना. रुबीनाला विचारलं. ती म्हणाली, हिरवट असेल. मागून इक्बालभाईंचा आवाज आला, "फोन दे इकडं."

"वैशालीताई, कोणता ड्रेस?"

मी वर्णन केलं. चौकोनी गळा, बाहीला बारीक पट्टी.

"मीच शिवलेला हाय त्यो. वढणी बी त्याच कापडाची. थांबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दुकानात आले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला एक तुकडा काढला. शिवताना उरलेलं कापड गोधडीसाठी म्हणून ठेवलेलं, त्यातला. कैरीच्या सालीचा रंग, ऊन लागलेल्या बाजूचा. मी तो तुकडा पडद्याशेजारी धरला आणि ओढणीचा रंग थोडा पिवळ्याकडे, थोडा उजळ, पुन्हा जरासा खाली असा आणत गेले. ते माझ्या मागे उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"आता?" मी विचारलं.

मी मागे वळून बघितलं नाही, कारण त्यांच्या श्वासावरून कळत होतं. मग ते म्हणाले, "झाला."

मी तो रुबीनाला पाठवला. इक्बालभाईंनी कापडाचा तुकडा परत कागदात गुंडाळला, खिशात ठेवला, वरून हात फिरवला. पायऱ्या उतरले. आणि परत वर आले. दारातच उभं राहून त्यांनी आपला जुना मोबाइल पुढे केला.

"माझ्यावर बी टाका की."

मी टाकला. ते तिथेच पायरीवर बसले. फोटो उघडून दोन बोटांनी मोठा करू लागले, आणखी मोठा, आणखी. चेहरा विरघळून कडेला गेला, चिमटा गेला, दोऱ्या गेल्या. शेवटी पडद्यावर नुसती ओढणी उरली. तिथे ते थांबले. मी खुर्ची वळवली आणि पुढचा फोटो स्कॅनरवर ठेवला.